यंत्रारूढ बाहुल्या : 'थंडरबर्ड्‌स'मधील याने आणि स्मरणरंजनाचे स्वरूप

१

मराठी समीक्षेत 'स्मरणरंजन' ही संज्ञा बहुधा दोषदर्शक म्हणून योजली जाते. एखाद्या कृतीला 'स्मरणरंजनात्मक' म्हटले की तिचे मूल्यमापन जवळजवळ संपले, असा एक अलिखित संकेत आहे. या संज्ञेत 'रंजन' हा घटक प्रधान आहे. स्मृती येथे सुखासाठी वापरली जाते, सत्यासाठी नव्हे, हा आक्षेप संज्ञेतच दडलेला असतो. 'गतकातरता' हा दुसरा पर्याय वेदनेला अधिक जागा देतो. परंतु त्याचाही रोख काळाकडेच आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला, तेव्हा त्याच्या मुळाशी काळ नव्हता, स्थळ होते. घरापासून दूर गेलेल्या माणसाला घरी परतण्याच्या अनावर ओढीने जडणारा आजार, असा त्याचा अर्थ होता. मराठीतील दोन्ही पर्यायांत हे 'घर' गळून गेले आहे.

हा शब्दविचार केवळ कोशापुरता नाही. जे घर कधी अस्तित्वातच नव्हते, त्याच्या ओढीची संगती कशी लावायची, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांच्या बाहुली-मालिका, विशेषतः 'फायरबॉल एक्सएल फाइव्ह' (१९६२-६३), 'स्टिंगरे' (१९६४-६५) आणि 'थंडरबर्ड्‌स' (१९६५-६६), या प्रश्नाचा विचार करण्यासाठी असाधारण सोयीच्या आहेत. बालपणी त्या पाहिलेल्या प्रेक्षकांच्या स्मृतीत कथानके धूसर होतात, पात्रांची नावे एकमेकांत मिसळतात. टिकून राहतात ती याने. थंडरबर्ड दोनचा हिरवा, फुगीर देह, थंडरबर्ड तीनचे तांबडे अग्निबाण-रूप, फायरबॉलचे विलग होणारे नाक. ज्या यानांत कोणीही कधी बसले नाही, त्यांची ओढ माणसांना पन्नास-साठ वर्षे का लागून राहावी?

याचे प्रचलित उत्तर 'हरवलेल्या भविष्याची हळहळ' असे आहे. साठोत्तरी दशकाने जे तंत्रयुग कबूल केले ते आले नाही. म्हणून त्या कबुलीची चित्रे हृद्य वाटतात. हे उत्तर अपुरे आहे. या यानांची ओढ न आलेल्या भविष्याची नसून डोळ्यांसमोर घडवल्या गेलेल्या वजनाची आणि विधिवत्‌ प्रयाणाची आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. या ओढीची नैतिक किंमत काय, हा प्रश्नही त्यासोबत विचारावा लागतो.

२

प्रथम प्रचलित उत्तराची मर्यादा पाहू. 'थंडरबर्ड्‌स'च्या कल्पनेचे मूळ एका खाणदुर्घटनेत आहे. २४ ऑक्टोबर १९६३ रोजी पश्चिम जर्मनीतील लेंगेडे येथील लोहखाणीत पाणी आणि गाळ शिरला. त्या वेळी खाणीत १२९ कामगार होते. त्यांपैकी २९ दगावले आणि शेवटचे ११ जण दोन आठवड्यांनी, ७ नोव्हेंबरला, जमिनीतून पाडलेल्या छिद्रावाटे बाहेर काढले गेले. खोदाईचे अवजड यंत्र दुरून आणण्यात मोलाचा वेळ गेला, हे अँडरसन यांच्या मनात रुतले. अशी यंत्रे तातडीने पोहोचवणारी एखादी संस्था असती तर, या विचारातून 'इंटरनॅशनल रेस्क्यू' जन्माला आली.

म्हणजे मालिकेचे बीज तंत्रज्ञानाच्या जयघोषात नाही. ते अपघातात आणि उशिरात आहे. ३० सप्टेंबर १९६५ रोजी प्रसारित झालेल्या 'ट्रॅप्ड इन द स्काय' या पहिल्याच भागात अणुशक्तीवर चालणारे 'फायरफ्लॅश' हे अतिवेगवान प्रवासी विमान घातपातामुळे खाली उतरू शकत नाही आणि वेळ जाईल तसतसा प्रवाशांना किरणोत्साराचा धोका वाढत जातो. भागामागून भागात मानवनिर्मित महायंत्रे कोसळतात, अडकतात, पेट घेतात. ही मालिका भविष्यावर निःशंक श्रद्धा ठेवते असे म्हणणे, तिचे केवळ शीर्षकसंगीत ऐकून केलेले विधान ठरेल. तिच्यातील भविष्य सतत मोडणारे आहे. पाच याने तेवढी मोडत्या भविष्याला हात देण्यासाठी आहेत. स्मृती त्या भविष्याला नव्हे, त्या हाताला धरून राहते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

३

या यानांना एवढे केंद्रस्थान का मिळाले, याचे कारण आशयात शोधण्याआधी माध्यमात शोधावे लागते. तारांवर लटकणाऱ्या बाहुलीला चालता येत नाही. ती पाऊल उचलते, पण पावलावर भार देत नाही. तिचे चालणे हे तरंगणे असते. जिवंत रंगमंचावर हा संकेत म्हणून खपून जातो. कॅमेऱ्याच्या निकट दृष्टीत, वास्तवाचा आभास देऊ पाहणाऱ्या चित्रीकरणात तो उघडा पडतो. अँडरसन यांनी यावर काढलेला तोडगा साधा होता: बाहुलीला चालवायचेच नाही, बसवायचे. 'सुपरकार' (१९६१-६२) या मालिकेची कल्पना याच अडचणीतून पुढे आली. पुढील मालिकांत सरकते पट्टे, उडत्या दुचाक्या, वरखाली होणारी आसने, घसरगुंड्या यांची रेलचेल झाली. 'स्टिंगरे'चे नायक आसनासकट खांबावरून पाणबुडीत उतरतात. 'थंडरबर्ड्‌स'मधला ॲलन ज्या सोफ्यावर बसतो, तो सोफाच जमिनीखाली जाऊन त्याला अग्निबाणापर्यंत नेतो. एक शारीरिक उणीव झाकण्यासाठी अख्खी स्थापत्यरचना उभी राहिली.

गीतेच्या अठराव्या अध्यायात 'यंत्रारूढ' असा शब्द येतो आणि शांकरभाष्य त्याचा अर्थ लावताना यंत्रावर बसवलेल्या लाकडी पुरुषाकृतींचा दाखला देते. तेथे ती प्रतिमा जीवाच्या पारतंत्र्याची आहे. अँडरसन यांच्या मालिकांत त्याच प्रतिमेची गती उलट होते, असे म्हणता येईल. बाहुली यंत्रारूढ होते तेव्हाच ती स्वतंत्र भासते. यंत्राबाहेर ती पंगू असते, यंत्रात बसल्यावर समर्थ होते. या मालिकांतील कर्तृत्व देहाकडून वाहनाकडे स्थलांतरित झालेले आहे. यान हे येथे पात्राचे साधन नसून पात्राचा खरा देह आहे.

हाइन्‌रिश फॉन क्लाइस्टच्या १८१० मधील बाहुलीनाट्यविषयक निबंधाशी याचा पडताळा घेणे उद्‌बोधक ठरेल. क्लाइस्टच्या मते बाहुली मानवी नर्तकाहून श्रेष्ठ ठरते, कारण तिला आत्मभान नाही आणि तिला जडत्वाचा जाच नाही. जमीन तिला केवळ स्पर्शापुरती हवी असते. अँडरसन यांच्या बाहुल्यांचे दुखणे नेमके हेच आहे. क्लाइस्टने गुण मानलेले वजनहीनत्व दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दोष ठरते. मग बाहुलीकडे नसलेले वजन कोठून आणायचे? ते यानांतून आणले गेले.

४

हे वजन निर्माण करण्याचे श्रेय डेरेक मेडिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आहे. पुढे बाँडपट आणि 'सुपरमॅन' (१९७८) यांच्या दृश्यपरिणामांसाठी ते ख्यातकीर्त झाले. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. लंडनच्या पश्चिमेस असलेल्या स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीतील चित्रशाळेत त्यांनी जी पद्धती विकसित केली, तिची तत्त्वे थोडक्यात सांगता येतात. लहान प्रतिकृतीचे चित्रण अतिवेगाने, सेकंदाला सुमारे १२० चौकटी या प्रमाणात करावयाचे. नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर तिची हालचाल मंदावते आणि ती अवजड भासते. प्रतिकृतीचा पृष्ठभाग कोरा ठेवावयाचा नाही. त्यावर तेलाचे ओघळ, काजळी, पत्र्यांचे सांधे, झिजलेला रंग दाखवावयाचा. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या जुळणी-खेळण्यांचे सुटे भाग डकवून तिला कामाच्या यंत्राची गुंतागुंत द्यावयाची. धावपट्टीवरून विमान धावताना दाखवायचे तर विमान जागीच ठेवून त्याखालची धावपट्टी पट्ट्यासारखी फिरवावयाची.

यांतील दुसरे तत्त्व सौंदर्यविचाराच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे. भविष्यातील यान मळके दाखवणे म्हणजे त्याला भूतकाळ देणे होय. ते यान प्रेक्षकाने पाहण्याआधीही वापरात होते, असे ते ओघळ सांगतात. स्मरणरंजनाचे बीज अशा रीतीने मूळ कृतीतच पेरलेले आहे. ही याने पुढे जुनी झाली म्हणून स्मृतिविषय झाली, असे नव्हे. ती पहिल्या दर्शनीच जुनी होती. सूझन स्टुअर्ट यांनी 'ऑन लाँगिंग' (१९८४) या ग्रंथात लघुकृती वस्तूंविषयी मांडलेला विचार येथे आठवतो. लघुकृती ही अंतर्मुख, खासगी काळ निर्माण करते. तिच्यापुढे पाहणारा देह अवाढव्य होतो. मेडिंग्ज यांची लघुकृती मात्र स्वतःचे लघुत्व लपवून भव्यतेचा आव आणते, आणि मुलाला ती दोन्ही रूपे एकाच वेळी दिसतात. ते प्रचंड यान आहे, आणि ते टेबलावर मावणारे खेळणे आहे.

मुलाला तारा दिसत नव्हत्या, असे मानण्याचे कारण नाही. त्या पुष्कळदा दिसतातच. त्यांचे काम तर केवळ बाहुलीला पेलण्याचे नव्हते. ध्वनिमुद्रित संवादांतून मिळणारे विद्युत्‌स्पंद त्याच तारांतून बाहुलीच्या डोक्यातील विद्युच्चुंबकी यंत्रणेपर्यंत पोहोचत आणि ओठ हलत. बटण दाबण्याच्या निकटदृश्यात एकदम खरा मानवी हात येतो, तोही कोणापासून लपत नाही. तेव्हा या मालिकांचा आस्वाद फसवणुकीवर उभा नव्हता. कृत्रिमता जाणून तिला दिलेली ती संमती होती. मुद्दा असा की यान कल्पित असले तरी प्रतिकृती कल्पित नव्हती. कोणीतरी ती घडवली होती, तिच्यावर काजळी फासली होती, तिच्याखाली खराखुरा धूर सोडला होता. कल्पित यानाची ओढ ही अंशतः या अकल्पित वस्तूची आणि तिच्यामागील हस्तश्रमाची ओढ आहे.

५

वजनानंतर प्रयाण. या मालिकांतील सर्वाधिक स्मरणात राहिलेले प्रसंग सुटकेचे नाहीत, निघण्याचे आहेत. स्कॉट भिंतीशी उभा राहतो आणि भिंत फिरते. व्हर्जिल अग्निबाणाच्या चित्राला पाठ टेकतो आणि चित्रासकट उलटून घसरगुंडीवरून खाली जातो. पोहण्याचा तलाव बाजूला सरकतो, कडा उघडतो, माडांच्या दोन्ही रांगा मागे झुकतात. हीच दृश्ये भागाभागांत पुन्हा वापरली गेली. त्यामागे काटकसर होती हे उघड आहे. पण परिणाम काटकसरीच्या पलीकडे गेला. पुनरावृत्तीने प्रसंगाचा विधी झाला. लू ग्रेड यांनी पहिला भाग पाहून पंचवीस मिनिटांची मालिका पन्नास मिनिटांची करावयास सांगितले; लांबलेल्या अवधीने या संथ विधीला ऐसपैस जागा मिळाली. बॅरी ग्रे यांच्या संचलनगीताची लय त्याच्याशी एकरूप झाली. सुटका दर वेळी निराळी. प्रयाण दर वेळी तेच. अनिश्चित जगाला सामोरे जाण्याआधीची ही निश्चिती बालमनाला किती आश्वासक असते, हे निराळे सांगावयास नको.

रोलाँ बार्थ यांनी 'मायथॉलॉजीज्‌' (१९५७) मध्ये ज्यूल व्हर्नच्या 'नॉटिलस'विषयी लिहिताना म्हटले आहे की जहाज हे वरकरणी प्रयाणाचे चिन्ह असले तरी खोलवर ते बंदिस्ततेचे चिन्ह असते. जहाजाची आवड म्हणजे स्वतःला सुरक्षितपणे कोंडून घेण्याचा आनंद. 'थंडरबर्ड्‌स'मधील याने या निष्कर्षाला पुष्टी देतात आणि त्याला दुरुस्तीही सुचवतात. येथे घर आणि यान यांच्यात उंबरठाच नाही. बैठकीच्या खोलीतील सोफा, चित्र, दिवे हीच यानाची दारे आहेत. घर सोडताना घराचाच एक भाग सोबत येतो. होफरच्या रुग्णाला घरापासून तोडले गेल्याचे दुःख होते. येथील प्रवासी घरासकट निघतो. नॉस्टॅल्जियाच्या मूळ व्याख्येतील घर आणि दूरत्व हा विरोधच या प्रतिमेत विरघळतो. प्रेक्षकाला पुढील आयुष्यात तिची ओढ लागते, कारण प्रत्यक्षात कोणतेही प्रयाण असे नसते.

६

इथवरच्या विवेचनात ही ओढ निर्दोष दिसते. ती तशी नाही. याने जेथून उडतात ते दक्षिण प्रशांत महासागरातील गुप्त बेट एका धनाढ्य अमेरिकी माजी अंतराळवीराच्या मालकीचे आहे. त्याच्या पाचही मुलांची नावे 'मर्क्युरी' मोहिमेतील अमेरिकी अंतराळवीरांवरून घेतली आहेत. घरातील सेवक आशियाई आहे. खलनायक 'हूड' हाही आशियाई, मलायाच्या जंगलातील मंदिरात राहणारा, दृष्टीने संमोहित करणारा. ब्रिटिश साम्राज्य विसर्जित होत असताना ब्रिटिश चित्रशाळेत, अमेरिकी बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून, अमेरिकी उच्चारांत रचलेली ही कथा आहे. जगाला वाचवण्याचे सामर्थ्य खासगी असावे, गुप्त असावे आणि कोणाला उत्तरदायी नसावे, हे तिचे गृहीतक आहे. ज्यांना वाचवावयाचे ते जगभर विखुरलेले. वाचवणारे मात्र एकाच कुटुंबातले.

स्मृती याने ठेवते आणि बेटाची मालकी विसरते, तेव्हा ती नेमके काय करते? एका बाजूने पाहता हा सुप्त समीक्षाव्यापारच आहे: संहितेतील मोलाचे आणि त्याज्य यांची निवड. दुसऱ्या बाजूने पाहता ती सोयीची विस्मृती आहे. माणसे वगळली की यंत्र निष्पाप दिसू लागते. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांच्या 'टीम अमेरिका : वर्ल्ड पोलीस' (२००४) या विडंबनपटाने हीच निष्पापता फोडली. तेथे बाहुल्यांचे अडखळते चालणे झाकले जात नाही, त्याचा विनोद होतो. आणि जग वाचवायला निघालेली चकचकीत याने वाचवावयाची शहरेच उद्‌ध्वस्त करतात. विडंबन जेथे बोट ठेवते तेथे मूळ कृतीची शीर असते. यानांची ओढ बाळगणाऱ्या प्रेक्षकाने हा चित्रपट आपल्या स्मृतीवरील भाष्य म्हणून पाहावयास हवा.

७

स्मरणरंजन सरसकट प्रतिगामी असते काय, या प्रश्नाकडे आता वळता येईल. स्वेतलाना बॉयम यांनी 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' (२००१) मध्ये त्याचे दोन प्रकार सांगितले. एक पुनःस्थापक: हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारा. दुसरा चिंतनशील: अंतर मान्य करून ओढीतच रेंगाळणारा. 'थंडरबर्ड्‌स'च्या उत्तरायुष्यात या दोहोंचे नमुने सापडतात, पण ते अपेक्षेप्रमाणे वागत नाहीत.

२००४ मध्ये जोनाथन फ्रेक्स यांनी जिवंत नट घेऊन चित्रपट केला. माणसे चालू-धावू लागल्यावर यानांना देह होण्याचे कारण उरले नाही. ती केवळ वाहने झाली. चित्रपटाला यश आले नाही, याची अनेक कारणे असतील. त्यांतले रूपविषयक कारण हे आहे. २०१५ ते २०२० या काळातील 'थंडरबर्ड्‌स आर गो' या मालिकेत पात्रे संगणकनिर्मित होती, परंतु पार्श्वभूमीसाठी प्रत्यक्ष लघुप्रतिकृती घडवल्या गेल्या. नव्या निर्मात्यांनाही खऱ्या धुळीची निकड भासली, हे बोलके आहे. २०१५ मध्येच चाहत्यांच्या वर्गणीतून, साठच्या दशकातील ध्वनिमुद्रिकांवरील मूळ आवाज वापरून, तारांच्या बाहुल्यांसह आणि स्लाऊच्याच औद्योगिक वसाहतीत तीन नवे भाग चित्रित झाले. जुन्या पद्धतीच्या मर्यादाही त्यांत निष्ठेने पाळल्या गेल्या. बॉयम यांच्या वर्गीकरणात हा पुनःस्थापक प्रकार ठरावा. पण येथे पुनःस्थापना झाली ती कोणत्याही राष्ट्राची वा गमावलेल्या वैभवाची नव्हे, एका कामाच्या पद्धतीची.

याहूनही लक्षणीय उदाहरण १९९० च्या दशकाच्या आरंभीचे आहे. १९९१ पासून बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर मालिकेचे पुनःप्रसारण सुरू झाले आणि १९९२ च्या नाताळात ट्रेसी बेटाचे खेळणे बाजारात मिळेनासे झाले. तेव्हा 'ब्लू पीटर' या बालकार्यक्रमाने ते बेट रिकामी खोकी, पुठ्ठ्याच्या नळ्या अशा घरगुती टाकाऊ वस्तूंपासून कसे करावे, हे करून दाखवले. कृतिपत्रिकेसाठी मागण्यांचा पूर आला. पालक स्मरणरंजनात होते, मुले प्रथमदर्शनात. दोघे मिळून पुठ्ठा कापत होते. मेडिंग्ज यांनी खेळण्यांच्या सुट्या भागांतून याने रचली होती. तीस वर्षांनी घराघरांत तीच क्रिया उलट्या दिशेने घडली. खासगी मालकीचे गुप्त बेट या कृतीत कोणाच्याही स्वयंपाकघरातील टेबलावर येऊन बसले. बेटाच्या राजकारणाचे यापेक्षा साधे आणि परिणामकारक विसर्जन दुसरे सांगता येणार नाही. मात्र ते विसर्जन होते याचे भान त्या घरांत असेलच, असे गृहीत धरता येत नाही. ते भान आणून देणे हे समीक्षेचे काम आहे.

यावरून एक भेद प्रस्तावित करता येईल. सूत्रे विसरणारे स्मरणरंजन आणि सूत्रे दिसत असतानाचे स्मरणरंजन. पहिल्यात यान आपोआप उडते: ते कोणी घडवले, कोणाच्या बेटावरून ते निघाले, कोणाला खलनायक ठरवून ते नायक झाले, हे प्रश्न उरत नाहीत. दुसऱ्यात हातही दिसतो आणि तारही दिसते, आणि तरी ओढ ओसरत नाही. मूळच्या बालप्रेक्षकाची आस्वादवृत्ती ही दुसऱ्या जातीची होती. तारा पाहूनही त्याने उड्डाण मान्य केले होते. प्रौढ स्मृती ती तार पुसून टाकते, तेव्हा ती बालपणाशी एकनिष्ठ राहत नाही, त्याला सोपे करते.

म्हणून 'स्मरणरंजन' हा शब्द समीक्षेने निवाडा म्हणून वापरणे थांबवावे आणि प्रश्न म्हणून वापरावा. एखाद्या कृतीत भूतकाळाची ओढ आहे की नाही, याने काही सिद्ध होत नाही. त्या ओढीत श्रम दिसतो की नाही, मालकी दिसते की नाही, हे तपासावे लागते. जी याने कधी उडालीच नाहीत त्यांच्याबाबत हे तपासणे अधिक सुलभ आहे. तेथे परतण्याजोगे घर नाही, परत मिळवण्याजोगी भूमी नाही. आहे ती केवळ काजळी फासलेली एक प्रतिकृती, तिच्याखाली फिरणारा पट्टा आणि तिला तोलून धरणारी बारीक तार. त्या तारेकडे पाहत राहून उड्डाणावर विश्वास ठेवता येतो, एवढे ज्ञान या बाहुल्यांनी एका पिढीला दिले. ग्रामजीवनाच्या, वाड्यांच्या आणि शाळांच्या आठवणींनी भरलेल्या ललित गद्याचे वाचन करतानाही ते उपयोगी पडेल.